आई यायच्या आत

दवाखान्यातून आले ते आबांनी आधी भिंतीवरची क्लॅरिनेट काढली. तोंडाला गुंडाळलेलं उपरणं सोडलं, पत्ती ओठांत धरली आणि फुंकली. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा आवाज आला. दारातली शेळी उठून उभी राहिली.

आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं वळून बघितलं आणि पदर तोंडाशी नेला. आईचं हसणं मोकळं कधीच नव्हतं. ती हसू गळ्यात अडवून धरायची, खांदे हलायचे, आणि शेवटी दम संपला की नाकातून एक बारीक ‘हुं’ निसटायचा. आत्ताही निसटला.

“हस, हस,” आबा म्हणाले. “तुझं बी पडतील कवा तरी.”

‘हस’ म्हणताना त्यांच्या वरच्या हिरडीतून शिट्टी गेली. त्या दिवसातला तेवढाच काय तो त्यांचा सूर बरोबर लागला.

आमचा बँड होता. वायदंडे ब्रास बँड, तासगाव. आबा त्याचे मास्तर. हिंदुराव मास्तर म्हटलं की आसपासच्या वाड्यावस्त्यांवर दुसऱ्या कुणाचं नाव सांगावं लागायचं नाही. बँडमधली सगळी माणसं निळा कोट घालायची आणि एकटे आबा लाल. लाल कोटाला खांद्यावर सोनेरी झालर होती, आणि तो कुणी घालायचा याचा नियम आजोबांच्या वेळेपासून ठरलेला होता: जो पाठवणी वाजवेल त्याचा कोट. बाकी सगळं ट्रंपेटवाले यासीनभाई सांभाळायचे. नवरदेव घोड्यावरून मारुतीला निघाला, वऱ्हाड आलं, जेवणावळी उठल्या, सगळ्याला ट्रंपेट पुढं. पण नवरी निघाली की ढोल थांबायचे, झांजा थांबायच्या, आणि एकटे आबा क्लॅरिनेट वाजवायचे. हिंदुरावांनी फुंकल्याशिवाय नवरी रडत नाही, असं बायका म्हणायच्या. एकदा एका नवरीला रडूच येईना, तर तिच्या चुलतीनं आबांनाच दोष दिला होता, की मास्तर आज मनापासून वाजवत नव्हते.

आणि आता आबांचे वरचे पुढचे दात गेले होते. कधीपासून हलत होते, ते डॉक्टरांनी काढून टाकले. हिरड्या सुकल्या की कवळी बसवू म्हणाले, त्याला दीड महिना तरी लागणार. आणि सर्जेराव पाटलांच्या शैलाचं लग्न आठवड्यावर आलं होतं. पाटलांची द्राक्षबाग, मोठा बारदाना. स्वतः सर्जेरावांच्या लग्नात आबांनीच वाजवलं होतं.

“यासीनला सांगा की,” आई म्हणाली. “वाजवंल त्यो पाठवणी.”

आबा खुंटीवरच्या लाल कोटाकडं बघत राहिले. आईनं मग तो विषय पुन्हा काढला नाही. बँडमधल्या माणसांना सांगायचं ठरलं की मास्तरांची दाढ ठणकतेय, म्हणून तोंड बांधलंय. कोट एकदा खाली उतरला की पुन्हा वर चढत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

मी तेव्हा विशीत होते. दहावीला दोनदा नापास झाल्यावर मला बघायला येणारेही जरा दमले होते, आणि घरात माझा वेळ जायचा तो दाजींच्या डब्यावर.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, मुरलीदाजी. मस्कतला क्रेन चालवायचे. त्या उन्हाळ्यात सुटीवर येताना त्यांनी सगळ्यांना काही ना काही आणलं. आबांना चपला, आईला टॉर्च, आणि घराला म्हणून हातभर लांबीचा एक कॅसिओ. काळ्यापांढऱ्या पट्ट्या पेटीसारख्याच, पण बारीक, पोराच्या बोटाच्या मापाच्या. त्यातून बासरीचा, व्हायोलिनचा, कसलाही आवाज निघायचा, आणि सगळे आवाज थोडेफार सर्दी झाल्यासारखे असायचे. मात्र त्यात एक वेगळीच करामत होती. एक बटण दाबून त्याच्या समोर आवाज काढला की तो आवाज आत जायचा, आणि मग प्रत्येक पट्टीतून तोच यायचा. वरच्या पट्टीला बारीक आणि भरभर, खालच्या पट्टीला जाड आणि रेंगाळत. फक्त मावायचा एका दमाचासुद्धा नाही, त्याच्या निम्मा. सेकंदभराचा म्हणा.

पहिल्या दिवशी दाजींनी त्यात शिंक घातली आणि तिच्यावर आरती वाजवून दाखवली. मग शेळीचा आवाज घातला. मग कुकरची शिट्टी. मग आईला नकळत तिचं ‘अगं बया’ पकडलं आणि अगदी खालच्या पट्टीवर दाबलं, तर ते माझ्या वारलेल्या आजोबांसारखं ऐकू आलं. आई दोन दिवस दाजींशी बोलली नाही. जावयाशी रुसणारी सासू वस्तीनं पहिल्यांदाच बघितली.

आबा त्याला डबा म्हणायचे. वाद्य म्हणायला तयार नव्हते. वारा ज्यात जात नाही त्यात सूर कुठून येणार, असं त्यांचं म्हणणं. तबल्यात कुठं वारा जातो, असं दाजींनी एकदा विचारलं, तर आबा म्हणाले, तबला वाजवणारा श्वास घेतो की नाही?

मला मात्र डब्यानं वेड लावलं होतं. बँडच्या घरात जन्मले तरी माझ्या हातात कुणी वाद्य दिलं नव्हतं. मुलीनं वाजवायचं नसतं असं कुणी तोंडानं म्हणालं नाही, पण दिलंही नाही. मी आपली लहानपणापासून आबांच्या समोर बसून त्यांची बोटं बघायची. कुठलं भोक झाकलं की कुठला सूर, कुठलं बोट उचलायच्या आधी जरासं थरथरतं, मला बघून बघून सगळं पाठ. डबा आल्यावर बोटांना पट्ट्या कुठल्या तेवढंच शोधायचं राहिलं होतं, आणि ते मी दाजींची सुटी निम्मी व्हायच्या आत शोधलं.

दात गेल्यावर आबा रोज दुपारी मागच्या दाराशी बसून फुंकायचे. दोन्ही ओठ आत दुमडून, हिरडी झाकून. मी आतून ऐकत होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की प्रत्येक वेळी सुरुवातीला पापणी लवेपर्यंत सूर अगदी आबांचा असतो. भरलेला, गोल. मग ओठ थकतात, वारा फटीतून पळतो आणि सगळं फिसकटतं. म्हणजे आबांकडं सूर होता. फक्त तो जेमतेम सेकंदभर उरला होता.

शेवटी लग्नाच्या आदल्या दुपारी मी डबा घेऊन मागच्या दारात गेले.

“आबा, ह्यात एक सूर द्या.”

“ह्या डब्यात?”

“एकच. आणि जरासाच. त्यात तेवढाच मावतो.”

“आन बाकीचं सूर?”

“ते मी त्यातनंच काढते.”

आबा म्हणाले, “एका सुरातनं अख्खी पाठवणी काढायची. माझ्या आज्ज्यानं बी एवढी थाप मारली न्हवती, आन त्यो तर थापाडा म्हणून गावात फेमस हुता.”

पण त्यांनी फुंकलं. ती दुपार आमच्या घरानं पुढं किती वर्षं सांगितली असेल. कधी सुरात शेळी यायची, कधी शेजारचा रेडिओ. एकदा सगळं जमलं आणि नेमकी दारावरून बर्फवाल्याची घंटा गेली, तर प्रत्येक पट्टीतून आबांच्या मागं घंटा. दाजी म्हणाले, राहू द्या, देवळात वाजवता येईल. उन्हं उतरायला लागली तेव्हा एकदाचा स्वच्छ सूर आत गेला. मी हळूच पट्टी दाबली. आबाच. मग शेजारची दाबली. तेही आबाच, पण पायरीभर वर. मी त्यांच्या पाठवणीची सुरुवातीची ओळ वाजवली.

आबांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवली आणि कान पुढं केला.

“कोण वाजवतंय ह्ये?” त्यांनी विचारलं. समोर मी बसले होते, तरी.

“तुम्हीच की,” मी म्हणाले.

मग बेत ठरला. आबा लाल कोट घालून, क्लॅरिनेट तोंडाला लावून उभे राहणार आणि बोटं चालवणार. आमच्या बँडचा एक गाडा असायचा, त्यावर बॅटरी आणि भोंगा. मी गाड्याच्या मागं, पडद्याआड बसून त्यांच्या बोटांकडं बघत डबा वाजवणार. डबा भोंग्याला जोडायचं काम दाजींचं. यासीनभाईंना सांगायचं, की भोंग्यातून मास्तरांचाच आवाज मोठा करतोय. दाजींनी फक्त एक बजावलं: डबा बंद करायचा नाही. बटण बंद झालं की आतलं सगळं पुसलं जातं. सेल नवे आहेत, लग्नापर्यंत चालू राहू दे.

त्या रात्री मी तो चालू डबा उशाशी घेऊन झोपले. सकाळी उठले तर त्याचा लाल दिवा विझलेला.

आई पहाटे उठली होती. घरात फुकट दिवा जळताना दिसला तर आई तो विझवणारच. आयुष्यभर तिनं तेच केलं होतं. रॉकेलची चिमणी असो, अंगणातला बल्ब असो, की डब्यावरचा ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा. “रात्रभर पेटलाय बघून माझं काळीज तुटलं,” ती म्हणाली. “सेल काय फुकट येत्यात?”

मी रडायच्या बेतात आले. आबा मात्र शांत होते. त्यांनी कोट अंगात घातला, आरशात बघून खांद्यावरची झालर सारखी केली आणि आईला म्हणाले, “तू बी चल आता लग्नाला. तूच इझवलास, तूच पेटव.”

त्यामुळं आई आमच्याबरोबर टेम्पोत आली. जन्मात पहिल्यांदा बँडबरोबर. वाटभर ती यासीनभाईंना सांगत होती की मास्तरांची दाढ फार वाईट आहे. यासीनभाई मान हलवत होते.

पाटलांच्या मांडवात सकाळपासून उसंत मिळाली नाही. आबा तोंड बांधून, काठीनं ताल देत पुढं चालत होते, आणि ट्रंपेट सगळं निभावत होतं. अक्षता पडल्या, पंगती उठायला लागल्या, तरी डब्यात सूर नव्हता. शेवटी आम्ही घरची चार माणसं पाटलांच्या गोठ्यामागं गेलो. गवताच्या गंजीआड बरी शांतता होती. दाजी कोपऱ्यावर पहाऱ्याला. मी डबा गुडघ्यावर घेऊन बसले. आई शेजारी उभी.

आबांनी उपरणं सोडलं, ओठ आत दुमडले आणि फुंकलं. फिसकटलं. पुन्हा फुंकलं. म्हैस हंबरली. तिसऱ्यांदा वारा गालात अडकला आणि आबांचे दोन्ही गाल लग्नातल्या फुग्यासारखे टम्म फुगले, वर तो लाल कोट, त्याची झालर, आणि मधे दात नसलेलं तोंड. मी डोळे मिटून घेतले आणि बटण दाबलं. सूर आला. अप्रतिम आला, आदल्या दिवसापेक्षा चांगला. आणि त्याच्या अगदी शेपटाला, डबा भरायच्या बेतात असताना, आईचा ‘हुं’.

मी पट्टी दाबून बघितली. आबा, आणि मग आई. दुसरी दाबली. आबा, आणि मग आई.

“मी तोंडावर पदर घेतला हुता,” आई म्हणाली.

पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. मांडवाकडून माणूस आला, की नवरी निघते आहे. आबांनी एकच उपाय सांगितला, आणि तो जाता जाता, उपरणं बांधता बांधता. “मी सूर आखूड घेतो. तू आई यायच्या आत बोट उचल.”

हे ऐकायला सोपं होतं.

गाडा मांडवाच्या दाराशी लावलेला होता. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. शैला तिच्या आईच्या गळ्यात पडायची तेवढी पडली होती, पण रडत नव्हती. तिला मुळात नवरा पसंत होता, सांगलीचा इंजिनियर, आणि ती सारखी त्याच्याकडंच बघत होती. बायका जरा अस्वस्थ झाल्या होत्या. तिची अनुसया आत्या, सर्जेरावांची थोरली बहीण, तोंडावर रुमाल धरून तयारीत उभी होती. ढोल थांबले. झांजा थांबल्या. सगळ्यांनी आबांकडं बघितलं.

आबांनी उपरणं हनुवटीखाली सारून क्लॅरिनेट तोंडाला लावली. पहिलं बोट उचललं, मी पहिली पट्टी दाबली. भोंग्यातून सूर गेला आणि मांडव चिडीचूप झाला. मी वेळेवर बोट उचललं. आई आली नाही. दुसरा सूर, तिसरा. आबा बोलल्याप्रमाणं आखूड घेत होते. त्यांची बोटं मला स्वतःच्या बोटांसारखी दिसत होती. एक ओळ झाली, दुसरी झाली. दाजी माझ्याकडं बघून हसले.

आणि मग आबांनी डोळे मिटले.

डोळे मिटले की आबा ठरलेलं काही ऐकत नसत, हे मी जन्मापासून बघत आले होते. त्यांचा खांदा खाली उतरला, मान कलली, आणि त्यांनी खालचा सूर धरला. तो त्यांच्या आवडीचा. तिथं ते नेहमी थांबायचे. बोटं भोकांवर ठेवून थांबले, आणि मी काय करणार? मास्तरांची बोटं खाली आणि भोंगा गप्प, असं कसं दिसलं असतं? मी पट्टी दाबून धरली.

आबा संपले आणि आई आली.

पण खालच्या पट्टीवर ती जाड होऊन, रेंगाळून आली. तो ‘हुं’ ताणला गेला, लांबला, आणि भोंग्यातून मांडवावर पसरला तो हुंदका होऊन. माणसाच्या गळ्यातून, कितीतरी वेळ दाबून ठेवलेला, शेवटी न राहवून निसटलेला हुंदका. अनुसया आत्यांनी रुमालात तोंड घातलं. आबांनी डोळे न उघडता पुढचा सूरही लांब धरला. पुन्हा आई. शैलाचा चेहरा पहिल्यांदा नवऱ्याकडून स्वतःच्या आईकडं वळला, ओठ थरथरले, आणि पोरीनं जो हंबरडा फोडला तो गोठ्यातल्या म्हशीनंही ऐकला असेल. मग सगळ्याच बायका. मग सर्जेराव पाटील. सांगलीचा इंजिनियरसुद्धा चष्मा पुसायला लागला.

मी पडद्याआड घामानं निथळत होते. मागं वळून बघितलं तर आई गाड्याच्या चाकाला टेकून उभी होती, पदर तोंडात कोंबलेला, खांदे गदगदा हलत होते. स्वतःच्या हसण्यावर अख्खा गाव रडताना बघून तिला हसू आवरत नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटत होतं, मास्तरीणबाई किती हळव्या मनाच्या. एका म्हातारीनं तर जवळ घेऊन तिची पाठ थोपटली.

नवरीची गाडी गेल्यावर अनुसया आत्या डोळे पुसत आबांकडं आल्या. “मास्तर, एवढी वर्षं ऐकते तुमचं. पण आज क्लारनेटमधी हुंदका कुणाचा हुता?”

आबांनी उपरणं वर ओढलं आणि म्हणाले, “आमच्या हिचा.”

आत्यांना वाटलं, मास्तर कसलं सुंदर बोलले. त्यांनी पुन्हा रुमाल काढला.

टेम्पोत बसताना यासीनभाईंनी माझ्या हातातला डबा बघितला आणि मग आबांकडं बघितलं. “मास्तर,” ते म्हणाले, “तुम्ही सुपारी खायची सोडली, त्याच दिवशी मला कळलं होतं. दाढ दुखणारा माणूस गरम चहा गालात धरून शेकत बसतो, तुम्ही तर ओठ आत दुमडून, पार निववून पीत होता.”

“मग बोलला न्हाईस?”

“बघत होतो काय करता ते.” त्यांनी ट्रंपेट पुसली आणि मग म्हणाले, “कोट मला तसाही घट्टच होतो.”

त्यावर सगळ्यात जास्त वेळ आबाच हसले, तोंड न झाकता.

घरी आल्यावर मी डबा बंद करायला तयार नव्हते. तो सूर असा पुसून टाकायचा म्हणजे मला काहीतरीच वाटत होतं. नवे सेल आणू, मी म्हणाले. सेल बदलताना तो जाणारच, असं दाजींनी सांगितलं. मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. आबा कोट खुंटीला लावून आले, माझ्याशेजारी बसले, आणि एक जाड बोट पुढं करून त्यांनी पहिल्यांदाच स्वतः पट्टी दाबली. आबा, आणि मग आई. पुन्हा दाबली. मग त्यांनी हात लांब करून बटण बंद केलं.

“राहू दे,” म्हणाले. “पुढच्या लग्नाला ताजा देतो.”

आणि खरंच, पुढं तेच चालू झालं. लोक लग्न ठरवायला आले की विचारायचे, मास्तर, ती हुंदक्याची पाठवणी वाजवणार ना? कवळी बसली, पण ती भाकरी चावायच्या कामाची, क्लॅरिनेट तिच्यात थांबायची नाही. त्यामुळं प्रत्येक लग्नाच्या सकाळी आबा मागच्या दारात बसून डब्यात एक सूर फुंकायचे आणि आई शेजारी उभी राहायची. मोठी अडचण निघाली ती अशी, की सांगून आईला हसू यायचं नाही. त्यामुळं आबांना ते आणावं लागायचं. कधी कवळी काढून हातावर नाचवायची, कधी गाल फुगवायचे, कधी माझ्या मामांची चाल करून दाखवायची. “एवढी वर्षं संसार केला,” आबा कुरकुरायचे, “आन बाईला हसवायचं काम आता गळ्यात पडलं.” सूर मात्र ते जरासा आखूड द्यायला शिकले होते. शेवटाला नेमकी तिच्यापुरती जागा ठेवायचे. कधी लग्न लहानसं असायचं, बिदागी यथातथा, तरी सूर शिळा वापरला नाही. मीही पडद्याआडून गाड्यावर आले, आणि कुणाला ते खटकायच्या आत लोकांना सवय झाली.

तो डबा पुढं बिघडला. मग मी मोठा कीबोर्ड घेतला, मग त्याहून मोठा. त्यात आवाज पुसला जात नाही, हवे तितके साठवता येतात. आता लग्नात भिंतीएवढे स्पीकर लागतात, छातीत धडधड होते, आणि एक पोरगा लॅपटॉपवर बोटानं सगळा बँड चालवतो. मीही वाजवते त्यांच्याबरोबर. मला ते आवडतं, खोटं कशाला सांगू. माझा भाचा सांगतो, मावशी, तुम्ही करत होता त्याला सॅम्पल म्हणतात, जगभर करतात. करत असतील. आमच्या घरात त्याला सूर घेणं म्हणायचे.

आई गेली ती तो पहिला डबा चालू होता तेव्हाच, एका दिवाळीनंतर, चारच दिवसांच्या तापानं. लग्नसराई लागली तेव्हा मला वाटलं आबा आता नको म्हणतील. पण पहिल्या लग्नाच्या सकाळी ते लाल कोट घालून मागच्या दारात येऊन बसले. मी डबा समोर धरला. त्यांनी कवळी काढून खिशात ठेवली, ओठ दुमडले आणि फुंकलं. एकाच दमात सूर लागला, आणि लागला तसा त्यांनी तोडला. सूर आत घ्यायच्या बटणाशेजारचा दिवा अजून पेटलेला होता. डबा आणखी जरा वेळ ऐकत राहिला. मागच्या दारात तेव्हा शेळीही नव्हती. मग दिवा विझला.

मी पट्टी दाबून बघितली. आबा, आणि मग काही नाही.

“आबा, सूर तोकडा आला,” मी म्हणाले. “परत घेऊ या?”

“तोकडा न्हाई,” आबा म्हणाले. “तिची जागा हाय ती. राहू दे.”

त्या दिवशी पाठवणीला त्यांनी डोळे मिटले आणि नेहमीच्याच ठिकाणी तो खालचा सूर धरला. मीही धरला. भोंग्यातला सूर संपला, मांडवात कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. आबांची बोटं भोकांवर तशीच होती, जरासुद्धा न हलता. नवरी रडली की नाही ते मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या बोटांकडं बघत होते, आणि ती उठेपर्यंत मीही माझं बोट उचललं नाही.